पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदला, पण घरच्यांना विचारून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येणाऱ्या दुचाकी सोलापुरात जागोजाग ऐकू येतात. आपल्या पत्रांच्या सदरात त्याचं सगळं खापर खड्ड्यांवर फुटतं. खड्डे निर्दोष आहेत असं आमचं म्हणणं नाही, पण बेअरिंग, म्हणजे दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेलं, एक्सलच्या दांड्यावर चाक मोकळं फिरवणारं कडं, मरतं ते बहुधा पाण्याने. वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याची धार थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, मारली की तिथल्या रबरी ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत शिरतं, ग्रीस दुधाळ होतं, गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि मग पहिला मोठा खड्डा फक्त निमित्त ठरतो. गाडी धुताना हबवर धार मारू नका एवढं सांगितलं तरी निम्मं काम होईल.

मेलेलं बेअरिंग घरी बदलता येतं का? दुचाकीचं येतं. दोन बेअरिंग आणि ऑइल सील मिळून खर्च हजाराच्या बराच आत राहतो, आणि वेळ लागतो पहिल्यांदा करणाऱ्याला तीन तास. तरीही अशी कामं अर्धवट राहून चाक पोत्यात घालून गॅरेजला का येतात? हातोडी चुकीच्या रिंगवर पडते, किंवा घरात वाद होऊन काम मध्येच थांबतं. दोन्हीचं मूळ एकच, की तयारी नसताना एक्सलच्या नटला पाना लागतो. म्हणून हे पत्र बेअरिंगबद्दल जितकं, तितकंच नवरा-बायकोबद्दल आहे. पाना नवऱ्याच्या हातात असेल असं आम्ही गृहीत धरत नाही. पण पाना ज्याच्या हाती नाही, त्याला दुपारी चाकाविना गाडी, काळी फरशी आणि डिझेलचा वास सोसावा लागतो, एवढं खरं.

आधी खात्री करा की दुखणं बेअरिंगचंच आहे. गाडी मिड स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. एका हाताने फोर्कचा नळा धरा, दुसऱ्याने चाक आडवं, डावी-उजवीकडे ढकला. टकटक लागली तर बेअरिंग गेलं. चाक जोरात फिरवून बोटं फोर्कच्या खालच्या टोकाला टेकवा. आत खरखर असेल तर बोटांना कळते, कानाला कळायच्या आधी. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवल्यावर हँडलखाली टक वाजत असेल तर तो कोनसेटचा, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा, खेळ आहे. त्यासाठी चाक उघडायची गरज नाही. टायरचे दाणे वर-खाली झिजले असले तरी असाच घुमणारा आवाज येतो, त्यामुळे टायरवरून तळवा फिरवून पाहा.

आता दिवस कोणता निवडायचा? पाणी येण्याचा दिवस सोडून कोणताही. उजनी धरणात पाणी असलं तरी नळाला काही दिवसांआड येतं, आणि ज्या सकाळी येतं त्या सकाळी बादल्या, पिंपं, टाकी, मोटर यांत अख्खं घर गुंतलेलं असतं. त्या वेळी मोरीच्या तोंडाशी चाक आडवं पाडून बसणाऱ्याला घरातून जे ऐकावं लागतं ते रास्तच आहे. गड्डा यात्रेच्या दिवसांत, पाहुणे येणार असतील तेव्हा, आणि जोडीदाराला दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी काम काढू नका. शनिवारी सामान आणा, रविवारी नाश्ता उरकल्यावर सुरुवात करा. किती वेळ लागेल असं विचारलं तर चार तास सांगा. "अर्ध्या तासात होतं" हे वाक्य या कामात जितकी भांडणं लावतं तितकी हातोडीही लावत नाही. दुपारी एक ते चार ठोकाठोक नको. घरातले झोपतात, शेजारचेही.

सामान आधी, पाना नंतर. रविवारी स्पेअर पार्टची बरीच दुकानं बंद असतात, आणि चाक काढल्यावर बेअरिंगचा नंबर कळला तर गाडी सोमवारपर्यंत ठोकळ्यावरच राहते. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं की दुकानदार नंबर सांगतो. तो स्वतःला वाचता आला तर फसगत होत नाही. ६३०१ मध्ये शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे आकड्याला पाचने गुणायचं. दुसरा आकडा जाडीच्या श्रेणीचा. ६२०१ आणि ६३०१ या दोन्हींचं भोक १२ चंच, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ३२ आणि रुंदी १०, दुसऱ्याचा ३७ आणि १२. "एक्सल तर बसतोय ना" म्हणून यातलं भलतंच आणलं की फेरी फुकट गेली. नंबरापुढची अक्षरंही पाहा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. आपल्याकडची धूळ आणि धुण्याची पद्धत पाहता पुढच्या चाकाला २आरएस घ्यावं. त्यात ग्रीस भरलेलं येतं, सील उचकटून वर आणखी भरू नये. सी३ लिहिलेलं असेल तर आत मोकळीक थोडी जास्त असते. कंपनीने सांगितलं असेल तरच ते घ्यायचं. बनावट माल बाजारात आहे. खोक्यावरची छपाई फिकट, बेअरिंगवरचा नंबर नखाने खरवडला जाणारा, आणि भाव निम्मा असेल तर ठेवून द्या. दोन्ही बेअरिंग एकदमच बदलायची, एक चांगलं वाटलं तरी. ऑइल सील न चुकता नवं.

जागा आणि हत्यारं. शहाबादी फरशीवर ग्रीसचा डाग पडला की तो दिवाळीपर्यंत टोमणा होऊन राहतो. खाली जुना फ्लेक्स अंथरा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स या शहरात कमी नाहीत, कुणाच्या तरी चेहऱ्यावर निवांत काम करा. पुसायला कॉटन वेस्ट किंवा चिंध्या आणा. सोलापुरात टॉवेल घरोघरी आहेत म्हणून ते ग्रीस पुसण्यासाठी आहेत असं नाही, जुना दिसला तरी विचारल्याशिवाय हात लावू नका. धुवायला पाव लिटर डिझेल पुरतं, तेही टाकाऊ डब्यात. स्वयंपाकघरातलं पातेलं, गाळणी, चमचा यांतलं काहीही नको. नट उतरवायला योग्य मापाचा रिंग पाना, दुसऱ्या बाजूने एक्सल धरायला आणखी एक, अर्धा किलोची हातोडी, एक फूटभर लांब सुंभा (ठोकायचा बोथट पंच) किंवा सळई, मोठा स्क्रू ड्रायव्हर, आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगएवढी गोटी (पान्याचं सॉकेट). गोटी नसेल तर जुनं बेअरिंगच तिच्या जागी वापरता येतं.

काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. बुश (एक्सलवरची छोटी नळी) कोणत्या बाजूला होता आणि किलोमीटरच्या केबलचा गिअर कसा बसला होता, हे तासाभराने आठवत नाही. केबल सोडा, ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची तार सोडा, नट काढा, एक्सल हलक्या हाताने ठोकत ओढून घ्या. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठा किंवा लाकडाची चिप अडकवा, आणि घरातल्या मुलांना हँडलजवळ येऊ देऊ नका. कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि चाक परत बसत नाही. ड्रमच्या आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. ओल्या फडक्याने टिपून ते फडकं फेकून द्या.

ऑइल सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटा, कडेखाली चिंधी ठेवून, नाहीतर अॅल्युमिनियमच्या हबला खाच पडते. आत डोकावलं की दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी दिसेल. ही कॉलर, कुणी स्पेसर म्हणतं. ती स्क्रू ड्रायव्हरने थोडी बाजूला सारली की पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड उघडी पडते. तिथे सुंभा टेकवा आणि ठोका, पण एकाच जागी नाही. घड्याळाच्या बारावर एक, सहावर एक, तीनवर एक, नऊवर एक. एका बाजूनेच ठोकलं तर बेअरिंग तिरपं होऊन हबमध्ये रुततं आणि त्याची जागा खरवडते. पहिलं बेअरिंग हट्टी असतं. ते पडलं की कॉलरही हाती येते आणि दुसरं सहज निघतं.

हब पुसून कोरडा करा आणि बोटाने तपासा. जागा एकसारखी मळकट करडी असेल तर चांगलं. आरशासारखी चकाकत असेल, किंवा नवं बेअरिंग हाताने ढकलून आत जात असेल, तर जुन्याची बाहेरची रिंग हबमध्ये फिरत होती. अशा वेळी हबला सुंभ्याने ठिपके मारणं, पत्र्याची पट्टी किंवा शीतपेयाच्या डब्याचं अॅल्युमिनियम घालणं हे उद्योग होतात. महिनाभर चालतं, मग परत सुटतं. त्यापेक्षा लेथवाल्याकडून बुश मारून घ्या किंवा हब बदला. इथे हटून बसू नका.

आता बसवणं, आणि इथेच फ्रीजचा प्रश्न येतो. बेअरिंग थंड आणि हब गरम केला की बसवणं निम्म्या जोरात होतं. हिशेब साधा आहे. स्टीलपेक्षा अॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. ३७ मिलिमीटरचं भोक ६० अंशांनी तापवलं तर सुमारे पाच शतांश मिलिमीटर मोठं होतं, आणि बेअरिंग ५० अंशांनी गार केलं तर दोन शतांश बारीक होतं. एकूण एका केसाची जाडी, पण घट्ट बसणाऱ्या मापात केसही पुष्कळ असतो. यासाठी बेअरिंग कंपनीच्या वेष्टनातच ठेवून वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधा आणि दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. आधी विचारा. दुधाच्या पिशवीला टेकवून ठेवू नका, पिशवीवर काय आहे ते लिहा. विचारून ठेवलेलं बेअरिंग कुणी बाहेर काढत नाही. हब तापवायला स्वयंपाकाचा गॅस नको. त्यात रंग जळतो, उरलेलं ग्रीस धूर सोडतं आणि त्या दिवशीच्या भाकरीला तो वास लागतो. कढत पाण्यात भिजवून पिळलेलं जाड फडकं हबभोवती दोन-तीनदा गुंडाळलं तरी बराच फरक पडतो. मे महिन्यात तर चाक गच्चीवर तासभर उन्हात टाका, सोलापूरचं ऊन फुकट आहे. हेअर ड्रायर चालतो, तो ज्या व्यक्तीचा आहे तिने दिला तर.

ज्या बाजूला हबमध्ये पक्की टेक आहे ती बाजू आधी. बेअरिंगच्या बाहेरच्या कडेला ग्रीसचा पुसट हात द्या, सरळ ठेवा, वर गोटी ठेवून ठोका. गोटी बाहेरच्या रिंगवरच टेकली पाहिजे. आतल्या रिंगवर ठोकलं की सगळा धक्का गोळ्यांतून जातो, गोळ्या आपल्या वाटेत बारीक खळगे पाडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमायला लागतं. "नवीन टाकलं तरी आवाज येतोय" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. ठोकताना आवाज ऐका. बेअरिंग सरकत असतं तोवर पोकळ येतो, टेकलं की ठण्ण असा भरीव येतो. तिथेच थांबा.

मग चाक उलटं करा, आणि कॉलर घाला. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिलं आहे, कारण कॉलर फ्लेक्सवर राहून चाक बंद होणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. कॉलर नसेल तर एक्सलचा नट आवळताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे खेचल्या जातात, गोळ्या आडव्या दाबाखाली येतात, हब तापतो आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत जातं. दुसरं बेअरिंग कॉलरला टेकेपर्यंतच ठोका, त्याहून पुढे नाही. पुढे गेलं तर तोच आडवा दाब बसतो. बोट आत घालून कॉलर हलवून पाहा. ती जोर लावल्यावर जराशी सरकली पाहिजे. खुळखुळत असेल तर बेअरिंग अजून बसलेलं नाही. दोन्ही आतल्या रिंगा बोटाने फिरवा. गुळगुळीत, किंचित जड फिरल्या पाहिजेत.

ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते सपाट दाबा. जोडताना दोन खाचांकडे लक्ष असू द्या. किलोमीटरच्या गिअरचे कान हबच्या खाचेत बसले पाहिजेत. नाहीतर नट आवळताना ते चिरडतात. दुसरी खाच जिवाची आहे. ड्रमच्या ब्रेक प्लेटवरची खाच फोर्कच्या नळ्यावरच्या कानात गुंतलीच पाहिजे. ती न गुंतता गाडी रस्त्यावर आली आणि ब्रेक दाबला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, तार तुटते आणि चाक जागीच जखडतं. एक्सलला ग्रीसचा पातळ हात द्या, आटे कोरडे ठेवा. नट आवळायचं माप गाडीच्या पुस्तकात असतं. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण ४५ ते ६० न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला पंधरा ते वीस किलोचा जोर. पान्यावर पाय देऊन उभं राहण्याची गरज नाही. डिस्क असेल तर गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबा. पहिली फेरी गल्लीतच मारा, जोडीदाराला मागे न बसवता.

चारचाकीबद्दल थोडक्यात. जुन्या जीप, सुमो यांसारख्या गाड्यांत, जिथे पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ नसते, तिथे कप (बाहेरची रिंग) आणि कोन (रोलर बसवलेली आतली रिंग) अशा दोन भागांचं टेपर बेअरिंग असतं आणि ते घरी करण्यासारखं आहे. वळणावर आवाज वाढला तर बाहेरच्या बाजूचं चाक दोषी समजा. डावीकडे वळताना वजन उजवीकडे जातं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा आणि जॅकबरोबर घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली हात घालू नका. विटांचा थर घोडीची जागा घेत नाही, वीट सूचना न देता फुटते. ही एक गोष्ट पाहून घरातलं माणूस "बंद करा हे" म्हणालं तर ते ऐका. डिस्क ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. कप आणि कोन जोडीनेच बदला. व्हील बेअरिंगचं लिथियम ग्रीस तळहातावर घेऊन कोनची रुंद कड त्यात दाबत राहा, पलीकडून रोलरच्या फटींतून ग्रीस डोकावेपर्यंत. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही. चाक फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो पूर्ण सैल करून बोटांच्या जोराने परत लावा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळेपर्यंत किंचित मागे घ्या. पिन नवी. काही गाड्यांत पिनऐवजी दोन नट आणि दुमडायचा वॉशर असतो. पाच-सात किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर घट्ट झालं आहे.

पुढच्या चाकांना ओढ असलेल्या छोट्या गाड्यांत बेअरिंग बहुधा नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, प्रेसने बसवलेलं असतं. ते हातोडीने काढायचा हट्ट नको. फार तर नकल घरी उतरवा, शॉकअबच्या बोल्टची जागा रंगाने खुणावून ठेवा, आणि अक्कलकोट रोडला किंवा होटगी रोडला हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमधून बेअरिंग बदलून आणा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत बेअरिंगची एक बाजू चुंबकी पट्टीची असू शकते. ती सेन्सरकडेच जायला हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही आणि सगळं काम परत करावं लागतं. नंतर अलाइनमेंट तपासून घ्या.

उरतो तो पसारा. डिझेल आणि जुनं ग्रीस मोरीत किंवा गटारीत ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या. हात आधी कोरड्या चिंधीने पुसा, मग थोडं गोडेतेल चोळा, त्यावर चमचाभर साखर आणि धुण्याची पावडर घेऊन घासा; पाणी शेवटी. अंघोळीचा साबण आणि बेसिनचा नळ काळ्या बोटांनी धरू नका. फरशीवर डाग पडलाच तर लगेच त्यावर रांगोळी किंवा कोरडी माती पसरून रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून काढा. पाणी टाकून पसरवलेला डाग निघत नाही. आठवड्याने चाक पुन्हा अधांतरी करून आडवं हलवून पाहा आणि नटला पाना लावून बघा.

आपले,
दुचाकी-चारचाकी दुरुस्तीच्या कामातले दोघे वाचक, सोलापूर
(नावं छापू नयेत ही विनंती)